तळहाताच्या रेषा दिसतील एवढा उजेड

मी एक जुनी बॅटरी आहे. शाळेच्या पुस्तकात मला विजेरी म्हणतात, दुकानात टॉर्च म्हणतात, आणि गेली काही वर्षं या घरात मला 'ते डबडं' म्हणतात. म्हणोत बापडे. दोन जाडे सेल, वाटाण्याएवढा एक बल्ब, त्याच्या मागे चकचकीत वाटी, पुढे काच आणि कुशीत सरकवायचा एक खटका, एवढाच माझा संसार. मित्रांनो, तुमच्या घरी माझी नवी भावंडं असतील. त्यांच्या खोक्यांवर मोठमोठे आकडे छापलेले असतात. उजेड किती लांब जातो, किती हजार पटीने जातो, वगैरे. माझ्या खोक्यावर आकडा नव्हता. मला तपासणाऱ्या बाईला आकड्यांची गरजच वाटत नव्हती.

ही बाई कारखान्यात लांब टेबलाच्या अगदी शेवटी बसायची. आमच्यात सेल घालायचे, खटका सरकवायचा आणि समोरच्या भिंतीवर रंगाने काढलेल्या गोलात उजेड नीट पडतो का ते बघायचं, असा साहेबांचा हुकूम होता. बाई भिंतीकडे ढुंकूनही बघत नसे. ती आम्हाला आपल्या डाव्या तळहातावर पाजळायची. तळहाताच्या रेषा दिसल्या आणि डोळे मिटावेसे वाटले नाहीत, की बॅटरी पास.

एकदा साहेब मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, भिंतीवर बघायचं असं ठरलंय ना?"

बाई म्हणाली, "साहेब, भिंत कुणाच्या घरी हरवते? माणसं किल्ली हरवतात."

शेजारच्या बायका फिस्सकन हसल्या. साहेब निघून गेले. बाईने मला तळहातावर धरलं. सुईने टोचलेला, डिंकाने खरबरीत झालेला हात होता तो. मी पहिल्यांदा जे पाहिलं ते त्या हातावरचं रेषांचं जाळं. मग तिने मला खोक्यात घातलं, आणि तिची माझी गाठ पुन्हा पडली नाही. आजही डोळ्यासमोर काय येतं असं कुणी विचारलं, तर मी तो तळहात सांगीन.

मला ज्याने घेतलं तो लिफ्टचा मेकॅनिक होता. तेव्हा तो तरुण होता, दात जरा पुढे, बोटं काळी, अंगात खाकी शर्ट. तो ज्या इमारतीत राहायचा तिथली आणि आसपासच्या वीसेक इमारतींची लिफ्ट त्याच्याकडे होती. सगळे त्याला लिफ्टमामा म्हणत. जुन्या जाळीच्या दारांच्या लिफ्ट होत्या त्या. बाहेर मजल्यावर एक लोखंडी दार, आत पिंजऱ्याला सरकती जाळी. वीज गेली की पिंजरा जिथे असेल तिथे अडकायचा आणि आतला माणूस भर दुपारीसुद्धा काळोखात बसायचा. लिफ्टच्या विहिरीत ऊन पोचत नाही. तिथे दुपार आणि रात्र सारखीच.

पहिल्याच महिन्यात आमच्या हातून चूक झाली. आमच्या म्हणजे त्याच्या आणि माझ्या. त्याच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी हातात शिवून तयार झालेला कोट घेऊन लिफ्टमध्ये अडकला. मामा धावत जिने चढला, बाहेरचं दार उघडलं आणि जाळीतून मला थेट शिंप्याच्या तोंडावर रोखलं.

"अरे, डोळे फोडशील का!" शिंपी ओरडला. "कोण आहेस?"

"लिफ्टवाला. ये, हात दे, उतर खाली."

"कुठे उतरू? मला काय दिसतंय? नुसता सूर्य दिसतोय! सूर्यावर भरवसा ठेवून उडी मारू होय रे?"

 मामाने मला उलटं फिरवलं आणि आपल्याच हनुवटीखाली धरलं. "आता?"

शिंप्याने डोळे चोळले. "हां. आता माणूस दिसला. दात पुढे आहेत, पण माणूस आहेस."

मग मामाने माझा उजेड शिंप्याच्या पायांवर टाकला. पिंजरा आणि मजला यांच्यामधली काळी फट शिंप्याला दिसली, ती बघून त्याने पाऊल जपून टाकलं आणि तो उतरला. कोटाला सुरकुतीही पडली नाही.

त्या दिवसापासून मामाचा नियम ठरला तो ठरला. आधी उजेड आपल्या तोंडावर, मग दुसऱ्याच्या पायावर. दुसऱ्याच्या तोंडावर कधीच नाही. पुढे त्याच्या हाताखाली जे शिकले त्यांना त्याने पान्याच्या आधी हे शिकवलं. "अडकलेल्या माणसाला आधी कळू दे की आलंय कोण," तो म्हणायचा. "मग त्याला त्याचे पाय दाखवा. बाकीचं त्याचं तो बघतो."

चाळीस वर्षं मी त्याच्या कमरेला लटकले. किती माणसं काढली असतील! कुणी रडायचं, कुणी शिव्या द्यायचं, एक मास्तर तर आत बसून वह्या तपासायला लागले होते, काळोखात. पण सगळ्यांना पहिल्यांदा दिसायचं ते पुढे आलेल्या दातांचं ते एक तोंड, खालून उजळलेलं, भुतासारखं, आणि सगळे त्याला बघून "आला बाबा एकदाचा" म्हणून श्वास सोडायचे. कमी उजेडात माणूस माणसासारखा दिसतो. हे मी खोक्यावर छापून घ्यायला पाहिजे होतं.

घरी मी दारामागच्या खिळ्यावर असायचे. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मामाची बायको, त्यांची मुलगी बिट्टी आणि एक रेडिओ. या रेडिओशी माझं हाडवैर होतं. त्यालाही माझ्यासारखेच दोन जाडे सेल लागायचे. नवे सेल आले की आधी कुणाला, यावरून नवराबायकोत जुंपायची.

"तुमच्या लिफ्टा काही बातम्या ऐकत नाहीत," ती म्हणायची.

"आणि तुझा रेडिओ काय लिफ्टच्या खड्ड्यात उतरणार आहे?"

शेवटी नवे सेल मला आणि माझे दमलेले सेल रेडिओला. ती ते सेल खिडकीत उन्हाला ठेवायची, कपाळाला लावून ऊब बघायची आणि घालायची. रेडिओ त्यावर घसा बसल्यासारखा का होईना, पण गायचा. मला त्याची चीड यायची. खरं सांगते, आज येत नाही.

घरातही माझी कामं असायची. पलंगाखाली गेलेली चप्पल. मोरीच्या जाळीत अडकलेलं कानातलं. बिट्टीचा घसा: "आ कर. अजून मोठा. जांभई दे नुसती." यातल्या कुठल्या कामाला डोंगर उजळायला लागतो, सांगा बरं? घशाला लागतो घशापुरता, चपलेला चपलेपुरता. त्या कारखान्यातल्या बाईने तळहातावर जे माप ठरवलं होतं, ते मला आयुष्यभर पुरलं. माझ्या खटक्यावरचा रंग मामाच्या अंगठ्याने घासून गेला. तिथे एक खळगा पडला, बरोबर त्याच्या अंगठ्याच्या आकाराचा. दुसऱ्या कुणाचा अंगठा तिथे बसायचाच नाही.

बिट्टी मोठी झाली आणि बापाच्याच धंद्यात शिरली. शिंपी म्हणाला, "पोरगी होऊन लिफ्टच्या दोरांना लटकणार?" तर ती म्हणाली, "काका, तुम्ही पुरुष असून फ्रॉक शिवताच ना?" हुशार आहे ती. मला तिचा अभिमान आहे. पण मग तिने स्वतःसाठी नवी बॅटरी आणली. हातभर लांब, काळी, दणकट. खोक्यावर लिहिलं होतं, उजेड एक किलोमीटर जातो.

एक किलोमीटरवर तुमचं कोण अडकलंय? मी बोलू शकत नव्हते, नाहीतर विचारलंच असतं. तिने ती खिडकीतून पेटवली तर समोरच्या इमारतीवरची कबुतरं भर संध्याकाळी फडफडून उडाली. सगळे टाळ्या वाजवायला लागले. खोटं कशाला बोलू, विहिरीत उतरून दोराची तार न् तार तपासायला तसाच उजेड लागतो, माझ्याने ते झालं नसतं. पण तीच बॅटरी मग मोरीत, जिन्यात, पलंगाखाली. जिथे तिथे तीच. चप्पल शोधायला तोफ! चप्पल मिळायची, आणि पुढची पाच मिनिटं घरातली सगळी माणसं डोळ्यांपुढे हिरवे ठिपके घेऊन भिंतींना धडकत फिरायची.

मामा कामावरून निवृत्त झाला. मग त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्याच सुमाराला डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी नावं. मग वार. मग आपण निवृत्त झालो आहोत हेच. दुपारी झोपून उठला की तो खाकी शर्ट चढवायचा, खिळ्यावरून मला काढायचा आणि म्हणायचा, "कॉल आलाय." बायको दारात आडवी उभी राहायची. "अहो, कॉल नाही आला. चहा आलाय." कधी ऐकायचा, कधी हात झटकून जिन्यापर्यंत जायचा.

शेवटी बिट्टीने माझे सेल काढले आणि मला ओट्याखालच्या खणात ठेवलं, दोऱ्याची गुंडाळी आणि जुनी कुलपं यांच्यामध्ये. "बॅटरी दिसली नाही की कामाची आठवण होणार नाही," ती आईला म्हणाली. तिने प्रेमानेच केलं. सेल काढून ठेवले हेही बरं केलं. आत विसरले असते तर त्यांतून पाणी सुटून मी गंजून मेले असते. पण मित्रांनो, खणात पडून राहणं काय असतं ते मी सांगते. रोज दुपारी मला त्याची पावलं ऐकू यायची. दारामागे थांबायची. मग भिंतीवर हात फिरल्याचा आवाज, खिळ्याभोवती, वरखाली, पुन्हा पुन्हा.

"इथेच होती," तो म्हणायचा. "अगं, इथेच असते ना?"

आणि ती, जिला सगळं ठाऊक होतं, म्हणायची, "सापडेल हो."

मी तीन हातांवर होते. तीन हात! एक किलोमीटर उजेड पाडणारे गेले खड्ड्यात, मला तीन हात ओलांडता येत नव्हते.

मग ती दुपार आली. बिट्टी जेवायला घरी आली होती. आई रेडिओ लावून कपड्यांच्या घड्या घालत होती. मला खणातून पावलं ऐकू आली, खिळ्याभोवती हात फिरल्याचा आवाज आला, आणि या वेळी तो काही बोलला नाही. दाराची कडी वाजली. जाळी सरकल्याचा आवाज. लिफ्ट निघाली, आणि लगेच वीज गेली.

पुढचं मी काही ऐकलं, काही नंतर पाहिलं. पिंजरा तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकला होता. दुसरं कुणी असतं तर घंटा वाजवून बसून राहिलं असतं. पण आत लिफ्टमामा होता. डोकं विसरलं होतं, बोटं विसरली नव्हती. त्याने जाळी सरकवली, फटीतून खाली हात घालून तिसऱ्या मजल्याच्या दाराची कळ नेमकी दाबली, ते दार उघडलं, आणि तो पिंजऱ्याच्या कडेला बसून पाय खाली सोडून मजला चाचपायला लागला. मजला पुरुषभर खाली होता. आणि पिंजऱ्याच्या तळाखाली उघडी विहीर होती. तिथून उतरणारा माणूस पुढे पडला तर मजल्यावर पडतो, मागे घसरला तर तीन मजले खाली. हे त्यानेच शंभर जणांना शिकवलं होतं.

त्याच मजल्यावरच्या शिंप्याने आपल्या दारातून ते पाहिलं आणि बोंब मारली. बिट्टी जेवणाच्या हाताने जिना उतरली, आणि घाबरून तिने जे करायचं नाही तेच केलं. काळी बॅटरी बापाच्या तोंडावर रोखली.

"बाबा! थांबा! हलू नका!"

मोतीबिंदूच्या डोळ्यांत तो उजेड घुसला तेव्हा त्याला काय दिसलं असेल! तो ओरडला आणि त्याने जाळी धरलेले दोन्ही हात सोडून डोळ्यांवर घेतले. तसाच तो हातभर पुढे घसरला. एक चप्पल सुटली. ती खाली पडल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

"बंद कर ते!" शिंपी किंचाळला. "बिट्टे, बंद कर! त्याला तू दिसत नाहीस, नुसता सूर्य दिसतोय!"

बिट्टीने उजेड बंद केला. दिपलेल्या डोळ्यांपुढे मिट्ट काळोख. काळोखात बापाचा श्वास आणि पाय चाचपडल्याचा आवाज. मग ती जिन्यातून वर ओरडली, "आई! बाबांची बॅटरी! ओट्याखालच्या खणात!"

खण उघडला. म्हातारीने मला पहिल्या झटक्यात उचललं. हलवलं. मी रिकामी होते. ती क्षणभर उभी राहिली, आणि मग तिने गात्या रेडिओची पाठ उघडली. गाणं अर्ध्या ओळीत तुटलं. सेल अजून कोमट होते. चाळीस वर्षं मी ज्याच्याशी भांडले, त्याने एका चकार शब्दाविना आपला जीव काढून मला दिला.

म्हातारी मला घेऊन जिना उतरली, आणि बिट्टीने मला हातात घेतलं. अंगठा खळग्यावर ठेवला. बसला नाही नीट, पण तिने रेटला. मी लागले. पिवळी, मंद, रेडिओच्या उरल्यासुरल्या जोरावर. तिने मला आपल्या हनुवटीखाली धरलं.

"बाबा," ती म्हणाली. आता ओरडली नाही. "कोण आलंय बघा."

 त्याचे डोळ्यांवरचे हात हळूहळू खाली आले.

"बिट्टी? अगं, शाळा सुटली का?"

"सुटली बाबा."

"मग इथे काय करतेस? वीज गेलीय. लांब उभी राहा."

तिने माझा उजेड त्याच्या पायांवर टाकला. एक पाय चपलेचा, एक अनवाणी, आणि त्यांच्या मागे ती काळी फट. तो वाकून बघायला लागला. मी त्याचा चेहरा पाहिला, आणि त्या चेहऱ्यात माझा मेकॅनिक परत आला, एका क्षणात, जिथे सोडून गेला होता तिथेच.

"खड्डा उघडा आहे!" तो खेकसला. "कोणी उघडं ठेवलं दार? अक्कल आहे का? कुणाला जवळ येऊ देऊ नकोस!" त्याने पाय वर घेतले, मागे सरकला, आणि जाळी स्वतःच्या हाताने ओढून बंद केली. खटकन.

बिट्टी भिंतीला टेकून खालीच बसली. पण दोनच श्वास. मग उठली. "आई, तू ही धर. दोन पावलं मागेच उभी राहा, तो उजेड बंद होऊ देऊ नकोस. काका, माझ्याबरोबर वर मशिनरूममध्ये चला. मेन बंद करते. मी हाताने चाक फिरवीन, सांगेन तेव्हा ब्रेकचा दांडा दाबायचा आणि सोड म्हटलं की सोडायचा."

"शिंप्याला शिकवू नकोस," तो जिना चढता चढता म्हणाला, "आम्हीसुद्धा जन्मभर दोन पायांनी यंत्रच चालवलंय."

मजल्यावर उरली त्याची बायको आणि जाळीमागे तो. तिने कधीच हे काम केलं नव्हतं. पण चाळीस वर्षं तोच नियम ऐकला होता. तिने मला आपल्या हनुवटीखाली धरलं. सुरकुत्या, पांढरे केस, ओले डोळे, सगळं माझ्या त्या एवढ्याशा उजेडात.

तो जाळीला नाक लावून बघत राहिला. वर चाक फिरायला लागलं, पिंजरा बोटाबोटाने खाली यायला लागला, आणि तो बघतच होता.

"अगं," तो म्हणाला, "किती दिवसांनी दिसलीस."

"रोजच तर असते समोर."

"असतेस. दिसत नाहीस."

तिने मला हनुवटीच्या आणखी जवळ धरलं. 

चार दिवसांनी माझा बल्ब गेला. तो आता कुठेही मिळत नाही. बिट्टीने दहा दुकानं पालथी घातली. सेल रेडिओला परत गेले. मला पुन्हा खिळ्यावर टांगलं, आणि तो खिळा बिट्टीने वीतभर खाली ठोकला, म्हणजे त्याचा हात पोचेल.

मित्रांनो, मी चिडकी आहे, पण ऐका. आम्हाला वापरून झालं की आमचे सेल काढून ठेवा, काच पुसून ठेवा, आणि जुनी झाली म्हणून कुणाची जागा भिंतीवरून खणात हलवू नका. नवी घ्यायला जाल तेव्हा तो दुकानदार आकडा सांगेल. त्याला तो भिंतीवर पाडू दे. तुम्ही आपला तळहात पुढे करा. रेषा दिसल्या आणि डोळे मिटले नाहीत, तर ती घ्या. त्याहून जास्त उजेड पाडून जो समोरच्याचे डोळे दिपवतो, त्याला समोरचा माणूस शोधायचाच नसतो. त्याला स्वतःची बॅटरी दाखवायची असते.

आता रोज दुपारी तो उठतो, शर्ट चढवतो आणि मला खिळ्यावरून काढतो. आता त्याला माझं नाव येत नाही. तिचंही येत नाही. पण अंगठा त्या खळग्यात बरोबर बसतो. तो खटका पुढे सरकवतो. काहीच लागत नाही. मी पेटायला किती धडपडते ते माझं मला माहीत. तो मला हनुवटीखाली धरतो आणि वाट बघतो.

ती रेडिओ हळू करते.

"दिसलात हो," ती म्हणते. "ओळखलं."

मग तो मला तिच्या पायांकडे वळवतो. आणि ती, खिडकीतून भर ऊन आलेल्या त्या सपाट फरशीवर, खाली नीट बघून, जपून एक पाऊल टाकते.